बिराजदार सरांची जर्मनीतली विद्यार्थिनी

बिराजदार सर निवृत्त होताहेत म्हणून लातूरच्या आमच्या चित्रकला महाविद्यालयाने गौरव अंक काढायचं ठरवलं आहे. संपादक मंडळातल्या एका मुलीचा मला फोन आला. "मॅडम, तुम्ही तर परदेशात शिकलेल्या. तुमचा लेख पहिला छापायचाय. सरांनी तुम्हाला कसं घडवलं, एवढंच लिहा." मी हो म्हणाले, कारण नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा सर देवासारखे आणि मी भक्तासारखी दिसायला लागले, म्हणून कागद फाडले. हा चौथा. छापायचा की नाही ते मंडळाने बघावं. सरांना शेवटचं पाहून मला दोन वर्षं झाली आणि त्या दिवशी मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही, हे आधीच सांगून टाकते.

सर मूळचे देवणीचे. घरात कानडी, वर्गात मराठी आणि कार्यालयातल्या लोकांशी भांडताना अर्धी उर्दू. कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे सकाळी पांढरेशुभ्र असायचे. कोळशाच्या हाताने घाम पुसून पुसून दुपारपर्यंत त्यातला खालचा पट्टा काळा व्हायचा. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं ब्लेड, तीनचार पेन्सिली आणि मूठभर शेंगदाणे. चित्र बिघडलेलं दिसलं की ते ओरडत नसत. कागदाकडे बघत स्वतःशीच म्हणत, "छे, बेडा." बेडा म्हणजे कानडीत नको, एवढंच. पण ज्याच्या मागे उभं राहून ते तसं म्हणाले, त्याचं त्या दिवशीचं जेवण गेलंच म्हणून समजा.

आमच्या कॉलेजात अंगाची ठेवण काढायला शिकवायचं म्हणजे पंचाईत होती. समोर मॉडेल म्हणून बसणार कोण? एकदा शिपाईमामांना बसवलं, तर ते दहा मिनिटांत घोरायला लागले. मग सर आम्हाला बसमध्ये घालून देवणीच्या गुरांच्या बाजारात न्यायला लागले. "हे बगा मॉडेल," ते म्हणायचे, "लाजत न्हाई, नखरे न्हाई, आन् हाडं कशी समदी वर दिसतात." पोरं बैलाचं तोंड काढायला घ्यायची, कारण देवणी बैलाचं तोंड म्हणजे बघत राहावं असंच, पांढऱ्या अंगावर काळ्या गालाचं. सर पेन्सिल काढून घ्यायचे. "तोंड शेवटी. तोंडाला पाहून समदेच भुलतात. जनावर उभं कशावर हाय ते आधी काढ." म्हणून आम्ही सगळे बैल खुरापासून वर काढत गेलो. माणसाकडे बघायची सरांची रीतही तीच होती. कोणी नवीन माणूस भेटला की त्यांची नजर आधी त्याच्या पायाकडे जायची, मग चेहऱ्याकडे. लग्नाच्या वयाची मुलं त्यांच्यासमोर आली की उगीच चपला नीट करायची.

त्या बाजारातच एकदा एक शेतकरी आमच्यावर खेकसला. "पंधरा जण मिळून माझ्या बैलाला बघून राहिलेत. नजर लागली तर कोन जबाबदार?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाच्या चित्रात, खाली कोपऱ्यात, कोळशाने एक बारीक तीट लावली आणि चित्रं त्या माणसाला एकेक करून दाखवली. "लागू दे आता कुणाची लागते ती," म्हणाले. त्याचं समाधान झालं आणि त्याने आम्हाला चहा पाजला. त्या दिवसापासून सरांच्या वर्गात बैलाच्या प्रत्येक चित्राला तीट लावायची पद्धत पडली. विसरलं तर सर कागद परत द्यायचे.

आता माझ्या वडिलांची गोष्ट. आम्ही भोकरचे. शेती बरी आहे, घरात खाऊन पिऊन सुखी. मी चित्रकलेला जाणार म्हटल्यावर वडील म्हणाले, "रांगोळी घरी बी काढता येती." सर लातूरहून भोकरला तीनदा आले. पहिल्या दोन खेपांना वडिलांनी त्यांना जेवू घालून परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला सर जेवायला बसलेच नाहीत. सरळ गोठ्यात गेले, कोळशाचा तुकडा घेतला आणि भिंतीवर आमचा बैल काढला, खुरापासून. वडील मागे उभे राहून बघत होते. चित्र झालं तसे ते पुढे झाले. "ह्यो मागचा डावा पाय असा का काढला तुमी?"

"तो ठेवतोय तसा काढला, पाटील. त्या पायावर वजन देत न्हाई तो."

वडिलांनी वाकून खूर उचलला. आत बोटभर काटा निघाला. आठ दिवस तो बैल तसाच राबत होता आणि घरातल्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. काटा हातात धरूनच वडील म्हणाले, "न्या पोरीला."

जर्मनीचं खूळही सरांचंच. तिकडे फी जवळजवळ नसते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. अर्ज भरताना माझ्याशेजारी शब्दकोश घेऊन बसले. मी निघाले त्या दिवशी लातूरच्या स्टँडवर त्यांनी अख्खा वर्ग उभा केला होता. ते स्वतः कधी हैदराबादच्या पुढे गेलेले नव्हते.

तिकडे शहर सुंदर होतं, लोक भले होते. ह्याला त्याला बोल लावायला मला जागा नाही. आमच्या स्टुडिओत दर बुधवारी एकाचं काम भिंतीवर लागायचं आणि सगळे गोल उभे राहायचे. मग ज्याचं काम त्याने बोलायचं; हे मी सरांनाही फोनवर सांगितलं होतं. माझे बैल लावले तेव्हा दोन आठवडे सगळे खूश होते. मग आखूड पांढऱ्या केसांच्या आमच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "रेषा उत्तम आहे. पण तू हे का काढतेस?" का, हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मोडक्या जर्मनमध्ये मी काहीतरी पुटपुटले. कोपऱ्यातल्या तिटेबद्दल विचारलं तेव्हा तर मी चक्क सांगितलं की ते शून्याचं प्रतीक आहे. खरं सांगायची लाज वाटली. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या बुधवारी मला पुन्हा बोलायचं होतं, तेव्हा मी तापाचं निमित्त केलं. त्याच्या पुढच्या बुधवारी पोटदुखीचं.

पण आमच्या सामाईक स्वयंपाकघरात मी बोलायचे. तिथे माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती, ती म्हणजे बिराजदार सर. मी त्यांची नक्कल करायचे. ते मान तिरपी करून कसे उभे राहतात, 'बेडा' कसं म्हणतात, मॉडेल म्हणून बैल कसा दाखवतात. पोरं खुर्चीवरून पडेपर्यंत हसायची. नवीन कोणी आलं की म्हणायची, ज्योती, तो काउ-प्रोफेसर करून दाखव. मी करायचे. त्या घरात मला जी काही जागा मिळाली ती त्या नकलेने मिळाली, आणि हे मला करताना माहीत होतं.

मग एका रविवारी सरांनी व्हिडिओ कॉल केला. इस्त्रीचा शर्ट, विभूती ताजी. "तुझे दोस्त दाखव की माय." मी फोन फिरवला. सगळे मागे गोळा झाले. सर ताठ बसले आणि आधी पाठ केल्यासारखं इंग्रजीत म्हणाले, "माय स्टुडंट. व्हेरी गुड हँड. प्लीज टेक केअर." एकाने तोंडावर हात दाबला, दुसरीला ते जमलं नाही, मग सगळेच हसले. सरही हसले. त्यांना वाटलं पोरं आनंदी आहेत. फोन ठेवताना मला म्हणाले, "चांगली मानसं हायेत गं. हसरी हायेत." मी हो म्हणाले. त्या दिवसाची मला जेवढी लाज वाटते तेवढी नापास झाल्याची वाटत नाही.

नापास मी रीतसर झाले. भाषेच्या परीक्षेत दोनदा आपटले, कामाचा संच नाकारला गेला, व्हिसा संपला. चौदा महिन्यांनी परत आले. वडील विमानतळावर घ्यायला आले होते, पण वाटेत म्हणाले, "गावात इतक्यात नको." म्हणून मी नांदेडला मावशीकडे राहिले आणि हमीदभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर काम धरलं. वाढदिवस, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं बनवायचे. लातूरपर्यंत बातमी पोचली नाही, कारण मी ती पोचू दिली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जर्मनीचाच नंबर चालू ठेवला होता. दर रविवारी सरांचा मेसेज यायचा, तिकडची वेळ हिशेबात धरून. काय काढलं, काय पाहिलं, थंडी किती. मी जुने फोटो पाठवायचे आणि तिकडे कामात आहे असं वाटावं म्हणून उत्तर मुद्दाम चार तास उशिरा द्यायचे. असं आठ महिने चाललं. सुरुवातीला पाठवायच्या आधी प्रत्येक मेसेज दहादा वाचायचे, मग तेही सोडलं.

जूनमध्ये हमीदभाईंनी एक काम पुढे सरकवलं. लातूरचं एक कॉलेज बिलोलीला पालक मेळावा घेणार होतं, त्याचं बॅनर. मजकूर उघडला. 'आपल्या लेकींना चित्रकला शिकवा. आमची विद्यार्थिनी आज जर्मनीत.' खाली माझा फोटो, लोकरीची टोपी घातलेला, बर्फात हसणारा. सर दरवर्षी गावोगाव फिरून मुलींच्या बापांना समजवायचे, आणि आता त्यांच्या हातात माझा फोटो होता. मी तो फोटो नीट कापला, चेहरा थोडा उजळ केला, मागे निळं आकाश टाकलं. हमीदभाई वाकून बघत म्हणाले, "बेटा, ही पोरगी तुझ्यासारखीच दिसून राहिली."

"एकासारखी सात माणसं असतात म्हणतात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवर ओळखीचा आवाज आला. सर स्वतः बॅनर बघायला आले होते. माझ्या आणि काउंटरच्या मध्ये स्टिकर लावलेली काच होती, खाली वीतभर फट. हमीदभाईंनी हाक मारली, "ज्योती, ते बिलोलीचं उघड, सर आलेत." मी उत्तर दिलं नाही. काचेच्या फटीतून मला सरांच्या चपला दिसत होत्या, म्हणजे त्यांना माझे पाय दिसत होते. सर माणसाचे आधी पाय बघतात हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी पाय उचलून खुर्चीवर घेतले. पंचवीस वर्षांची बाई, संगणकासमोर पाय पोटाशी घेऊन बसलेली.

"राहू द्या," सर म्हणाले. "चष्मा घरी राहिलाय माझा. फोनवर सांगतो तुमाला."

ते गेल्यावर हमीदभाई म्हणाले, "कमाल आहे. चष्मा तर नाकावर होता."

संध्याकाळी मी मावशीच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होते, तेव्हा मेसेज आला. रविवार नव्हता. 'काय माय. तिकडं आता दिवस लई मोठा असल. नऊ वाजेपर्यंत उजेड. चित्रं काढत जा.' मी तो चारपाच वेळा वाचला. सरांनी मला पाहिलं होतं, आणि मला लपायला जागा करून देत होते. किंवा मी बाहेर यावं म्हणून दार उघडं ठेवत होते. मला फक्त 'सर, मी नांदेडला आहे' एवढे चार शब्द लिहायचे होते. मी लिहिलं, 'हो सर. आत्ताच नदीकाठी बसून काढून आले.' या वेळी उत्तर चार तास उशिरा द्यायचंही मला सुचलं नाही.

सकाळी त्यांचा दुकानात फोन आला. "त्या पोरीचा फोटो काढा. जर्मनीची ओळ बी काढा. बैलाचं एक चित्र पाठवतो, ते टाका." हमीदभाई वैतागले. माझा चेहरा मीच खोडला आणि तिथे बैल बसवला.

आता सर बिलोलीत बापांना काय सांगणार, हा विचार मला सोडेना. मेळाव्याची जागा आणि वेळ बॅनरवर मीच टाकली होती. रविवारी मी बिलोलीला गेले. सर सुरू करायच्या आत त्यांना गाठायचं आणि सगळं सांगायचं, नकलेसकट, असं ठरवून गेले होते. बस उशिरा पोचली. मंगल कार्यालयात शंभरेक माणसं होती आणि सर माइकवर होते. मी ओढणी डोक्यावर घेऊन बायकांच्या शेवटच्या रांगेत बसले.

सर चांगलं बोलत होते. मग पुढच्या रांगेतून एक गृहस्थ उठले, खांद्यावर दस्ती म्हणजे मोठा रुमाल, शेजारी छातीशी चित्रांची वही धरलेली मुलगी. आवाजात आदर होता. "सर, मागच्या साली तुमी जर्मनीतल्या पोरीचं सांगितलं होतं. त्याच्यावर तर आमी हिला पाठवायचं मनावर घेतलं. ती काय करून राहिली आता?"

सरांनी माइक जरा खाली घेतला. "परत आली ती. न्हाई जमलं तिथं."

सभेत कुजबूज झाली. ते गृहस्थ म्हणाले, "का बरं?"

"चूक तिची न्हाई. तिथं आपल्या चित्राबद्दल चारचौघात उभं राहून बोलावं लागतं. म्या तिला बघायला शिकवलं, हात शिकवला. बोलायला शिकवलं न्हाई. वर्गात समदं मीच बोलत होतो ना. पोरगी गुणाची हाय. तिचं नुकसान माझ्या हातून झालं."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग आमच्या पोरींचं बी तेच व्हनार," आणि लोक हसले. सर हसू विरेपर्यंत उभे राहिले, मग त्यांनी मान वर करून थेट बायकांच्या शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"कुणाला काही सांगायचं हाय का? असल तर उभं राहून सांगा. घाई न्हाई."

ते थांबले. बरंच थांबले. मला काय सांगायचं होतं ते मला पाठ होतं. या माणसाने मला कमी काही दिलं नाही. मी बुधवारी पळाले, मी त्याचं हसं केलं, मी आठ महिने त्याला फसवलं. चार वाक्यं होती. मी ओढणी पुढे ओढली आणि मान खाली घातली.

"न्हाई? बरं," सर म्हणाले आणि त्यांनी माइक खाली ठेवला.

मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडले आणि नाक्यावर परतीच्या वाटेवरच्या नरसीला जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. जीप भरायची होती. तिथून कार्यालयाचं फाटक दिसत होतं. ते दस्तीवाले गृहस्थ सरांना हात जोडून काही सांगत होते, सर पुन्हा पुन्हा मुलीच्या वहीकडे बोट दाखवत होते. गृहस्थांनी नम्रपणे मान हलवली, मुलीला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि ते गेले. गाडी वळेपर्यंत ती मुलगी मागे बघत होती. सर रस्त्यात उभे राहिले, मग पिशवी उचलून नाक्याकडे यायला लागले.

जीपमध्ये एकच जागा उरली होती, माझ्या शेजारची. ड्रायव्हर ओरडला, "या मामा, नरसी, नरसी. एकच सीट हाय, बसा की निघालोच."

सर जवळ आले. दाराची कडी धरून एक पाय त्यांनी पायरीवर ठेवला, आत पाहिलं, आणि आमची नजरानजर झाली. मी सरकून जागा केली नाही. सर, बसा, असंही म्हणाले नाही. माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही, पण त्यांनी ते वाचलं असावं, कारण त्यांनी पायरीवरचा पाय हळूच परत खाली घेतला.

"तुमी व्हा पुढं बाबा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "मला जरा काम हाय हितं. मागच्या गाडीनं येतो."

त्यांना तिथे काहीच काम नव्हतं. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि वैतागून गाडी काढली. मागच्या काचेतून सर मला बराच वेळ दिसत होते, ऊन टळटळीत आणि नाक्यावर दुसरं माणूस नाही. नरसीपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.